चामडी मनगटपट्टा कोरताना, रंगवताना या चुका टाळा: सोलापूरच्या हवेत काम करणाऱ्यांसाठी

शिवजयंतीची मिरवणूक, मर्दानी खेळांचं पथक, गॅदरिंगमधलं ऐतिहासिक नाटक अशा निमित्तांनी कोपरापासून मनगटापर्यंतचे चामडी पट्टे घरीच करून बघणारे आता बरेच भेटतात. शिकतात बहुतेक व्हिडिओ बघून. तो व्हिडिओवाला थंड आणि दमट देशात बसलेला असतो. तो सांगतो, चामडं भिजवा, अर्धा तास थांबा, मग कोरा. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना पंख्याखाली अर्धा तास थांबलात, तर हातात पापड येईल.

रेघ उथळ येते, रंगाचे पट्टे पडतात, कडा फुलते अशा तक्रारी आल्या की लोक अवजाराला नाहीतर रंगाच्या कंपनीला दोष देतात. माझ्या मते त्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी पाण्याच्या असतात: किती घातलं, कधी घातलं आणि कुठलं घातलं.

आधी चामडं तपासा

कोरीवकाम फक्त वनस्पती-कमावणीच्या चामड्यावर होतं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा यांतल्या टॅनिनवर (तुरट द्रव्यावर) कमावलेल्या. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं. त्या चपलेला 2019 साली जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सोलापूर जिल्हाही आहे, त्यामुळे असं चामडं ओळखणारे कारागीर आपल्याकडे आहेत. त्यांना विचारायला लाजू नका. बॅगा आणि जॅकेटचं मऊ चामडं बहुधा क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, कमावलेलं असतं. त्यावर कितीही ठोका, ठसा फुगून परत वर येतो.

दुकानातच बघायचं असेल तर मागच्या बाजूला नख दाबा आणि पाण्याचा थेंब टाका. वनस्पती-कमावणीचं चामडं थेंब पिऊन गडद होतं आणि नखाची खूण धरून ठेवतं. कापलेली कडा निळसर-राखाडी दिसली तर ते क्रोम. जाडी 3 ते 3.5 मिलिमीटर घ्या. पोटाकडचा भाग स्वस्त मिळतो, पण तो ताणतो, आणि जोडीतला एक पट्टा दुसऱ्यापेक्षा लांब होतो. आपल्याकडे म्हशीचं चामडं जास्त मिळतं. त्याचा दाणा (पृष्ठभागाचा पोत) जाड असतो, म्हणून बारीक पानाफुलांपेक्षा ठळक नक्षी निवडा.

पाणी

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चामडं चिंब भिजवून लगेच सुरी चालवणं. ओलं चामडं चिखलासारखं दबतं, रेघेच्या कडा गोल होतात आणि ठशातून पाणी वर येतं. चामडं फार कोरडं असेल तर उलट होतं: सुरी अडकत जाते, ठसा फिका उमटतो आणि जोर वाढवला की वरचा पापुद्रा फाटतो.

घड्याळ बाजूला ठेवा. स्पंजने दोन्ही बाजू सारख्या ओल्या करा, चामडं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेर काढल्यावर रंग जवळजवळ मूळ कोरड्या रंगाकडे वळू लागला, पण गालाला लावलं की गार लागतंय, ही कोरायची वेळ. उन्हाळ्यात ती वेळ फार टिकत नाही. म्हणून पंखा बंद करा, पहाटे बसा, आणि ज्या भागावर काम चालू नाही तो ओल्या मांजरपाटाखाली झाकून ठेवा. मधेच कोरडं झालं तर फक्त त्या ठिपक्यावर पाणी मारू नका, त्याची गोल कडा रंगात उमटते. पूर्ण तुकडा हलका पुसा. पिशवीतलं ओलं चामडं विसरून दोन-तीन दिवस राहिलं तर बुरशी धरते, तेही लक्षात असू द्या.

मागच्या बाजूला आधी रुंद चिकटपट्टी लावली तर ठोकताना चामडं पसरत नाही. हे न केल्यामुळे नक्षी वाकडी होते आणि लोक कागदावरच्या आराखड्यात चूक शोधत बसतात.

आता कुठलं पाणी ते. पट्ट्यावर निळे-काळे ठिपके आले की शाई सांडली असं वाटतं. ते लोखंड असतं. टॅनिन आणि लोह भेटले की काळा रंग तयार होतो. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून कापड काळं करण्यामागेही हेच रसायन आहे. गंजलेली बादली, सुरी घासताना उडालेली लोखंडाची धूळ, किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ते पाणी, कशानेही डाग पडतो. पिण्याचं गाळलेलं पाणी प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात घ्या. डाग पडलाच तर रंग देण्याआधी लिंबाचा रस पाण्यात मिसळून पूर्ण पृष्ठभागावर फिरवा आणि साध्या पाण्याने पुसा. बराचसा फिका पडतो. लोखंडी आयलेटही (नाडी ओवायच्या भोकातल्या कड्या) याच कारणाने भोवती काळं वलय सोडतात, म्हणून स्टेनलेसचे घ्या.

सुरी आणि ठसे

रेघ जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत जाऊ द्या. पट्टा पुढे हातावर वाकवायचा आहे आणि वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते. खोल रेघ तिथेच उघडते. दोन रेघा एकमेकींना छेदू देऊ नका, एक थांबवा. पातं अडखळत असेल तर जोर वाढवण्याआधी चामड्याच्या पट्टीवर धारेचं पॉलिश लावून पातं त्यावर घासा.

उताराचा ठसा, म्हणजे रेघेची एक बाजू दाबून उतार देणारा, एकेक पाऊल उचलून ठेवलात तर पायऱ्या दिसतात. तो अर्ध्या-पाव रुंदीने सरकवत, हलक्या हाताने ठोकत न्यायचा. खाली ग्रॅनाइटचा जाड तुकडा हवा. शहाबादी फरशीवर ठोकून बघणारे बरेच आहेत, पण ती थरांत सुटते. हातोडी लाकडी किंवा नायलॉनची घ्या.

यात एक चूक फार हळहळ लावते: दोन्ही पट्टे एकाच बाजूचे कोरणं. उजव्या हाताचा आराखडा डाव्यासाठी उलटा करायचा असतो. आणि पट्टा खरोखर धनुर्विद्येसाठी असेल तर दोरी आतल्या बाजूला घासते. तिथे खोल नक्षी, आयलेट किंवा नाडीची गाठ नको. ती बाजू सपाट ठेवून नाडी बाहेरच्या बाजूला घ्या. मिरवणुकीच्या पट्ट्यात नाडी आत असली तरी चालतं. माप बाहीवरून घ्या आणि नाडी आवळायला दोन्ही कडांमध्ये दोन-तीन सेंटीमीटर अंतर सोडा.

रंग

सोलापूरकराला पहिला मोह होतो तो सुताच्या रंगाच्या पुडीचा. स्वस्त, गल्लीत मिळते, आणि चादरीवर किती छान उठते! पण सुतासाठीचे बरेच रंग रिअॅक्टिव्ह असतात आणि त्यांना धरायला सोडा लागतो. सोड्याच्या क्षाराने हे चामडं काळवंडतं आणि कडक होऊन तडकतं. चामड्याचाच रंग घ्या.

पट्टे पडणं हा पुन्हा हवेचा प्रश्न. स्पिरिटचा रंग आपल्या उकाड्यात बोळा उचलायच्या आत उडतो आणि पुढचा हात त्यावर चढून गडद होतो. रंग त्याच्याच थिनरने पातळ करा, सकाळी गारव्यात लावा, बोळा गोल फिरवा. एका गडद हातापेक्षा दोन फिके बरे. पाण्यातला रंग असेल तर पृष्ठभाग किंचित ओलसर ठेवा. बोटांच्या तेलाचे ठसे रंग धरत नाहीत, म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

रंग सुकल्यावर मांजरपाटाने खसाखसा पुसा, कापडावर काही उतरेनासं होईपर्यंत. हे टाळलं तर घामाने पांढऱ्या झब्ब्याची बाही तांबडी होते. मगच संरक्षक थर, पातळ आणि न घासता. तेल द्यायचं तर नीट्सफूट (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) द्या. घरात करडईचं तेल असतं म्हणून तेच चोळू नका: ते हवेने घट्ट होणारं तेल आहे, पट्टा चिकट होतो आणि वास सुटतो.

रंगवलेला ओला पट्टा पत्र्यावर किंवा गच्चीवर उन्हात ठेवू नका. सावलीत, बाटलीभोवती गुंडाळून वाळवा, आकारही तिथेच बसतो.

कडा

क्रम असा: कडेचे दोन्ही कोन कापणं, 220 मग 400 मग 600 चा पॉलिशपेपर, कडेला रंग, किंचित ओल, डिंक, घासणं, शेवटी मधमाशीचं मेण. मेण किंवा डिंक आधी लागला तर तिथे रंग शिरत नाही. डिंक वरच्या पृष्ठभागावर ओघळला तर तिथेही डाग राहतो.

डिंकासाठी बाहेरची महागडी बाटली मागवायची गरज नाही. यंत्रमागाच्या सुताला खळ देताना वापरतात ती सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) पावडर पाण्यात थोडी थोडी भुरभुरून ढवळा. एकदम ओतली तर गुठळ्या होतात.

घासताना कडा छत्रीसारखी दोन्ही बाजूंना पसरली तर ओल जास्त झाली. थांबा, वाळू द्या, कोन पुन्हा कापा, 400 पासून परत सुरू करा. फिरत्या मशीनवर कडा काळी पडून कडक झाली तर ती करपली. तो थर पॉलिशपेपरने काढण्यावाचून इलाज नाही. दुसऱ्या दिवशी तंतू परत उभे राहत असतील तर डिंक कमी पडला किंवा घासणं लवकर थांबवलं. आणि कितीही घासून कडा चकाकतच नसेल तर चामडं क्रोमचं आहे, तिथे कडेचा जाड रंगच लावावा लागतो.