गप्पीची पिल्लं जगवायची कशी?

गप्पी माशांची वीण व्हावी म्हणून काही करावं लागत नाही, नर-मादी एका टाकीत असले की पुरे. बरेचदा दुकानातून आणलेली एकटी मादीही पिल्लं देते, कारण नराचं बीज ती कित्येक महिने पोटात साठवून ठेवते. कष्ट असतात ते पिल्लं जगवण्याचे. त्यांना खायला पहिली टपलेली असते ती त्यांची आईच.

मुरलेली टाकी (म्हणजे काही आठवडे फिल्टर चालवून पाणी स्थिरावलेली), स्पंज फिल्टर, २४ ते २७ अंश पाणी. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. एकच जोडी ठेवली तर नर त्या मादीला दिवसभर पळवून दमवतो.

आता मादी वेगळी करण्याचं बघू. शेपटीच्या बाजूला पोटावर असलेला डाग काळा पडला की तिला ब्रीडिंग बॉक्समध्ये टाका, असं जो तो सांगतो. मीही तेच केलं. प्लॅस्टिकच्या त्या चिमुकल्या डब्यात मादी रात्रभर भिंतींवर आपटत राहिली. सकाळी तळाशी सहा-सात मेलेली पिल्लं, प्रत्येकाच्या पोटाला पिवळ्या बलकाची गोळी अजून चिकटलेली. म्हणजे दिवस भरायच्या आधीच पडलेली. दोन दिवसांनी मादीही गेली. त्या डब्यात आता मी कात्री आणि चिमटे ठेवतो.

डागावर तर विसंबूच नका, काही माद्यांचा तो कायमच काळा असतो. आकार बघा. पोट नुसतं गोल असेल तर अजून अवकाश आहे. बाजूने बघताना ते चौकोनी दिसायला लागलं, गळ्याखाली सरळ उतार आला, की दिवस भरत आले. पण तोवर थांबलात तर हलवायला उशीर झालेला असतो. म्हणून विणीची तारीख काचेवर चिकटपट्टी लावून लिहा. दोन विणींत साधारण चार आठवडे जातात, तेव्हा विसाव्या दिवशीच मादी हलवा. पंधरा-वीस लिटरची टाकी, पाणी जुन्याच टाकीतलं, आणि निम्मी टाकी भरेल इतकं जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं दाट शेवाळासारखं झुडूप. जाळीने पकडू नका, प्लॅस्टिकचा मग पाण्यात बुडवून तिला पाण्यासकट उचला. पोट सपाट दिसलं की त्याच दिवशी आईला परत न्या. दुसरी टाकी नसेल तर मोठ्या टाकीतच मॉस गच्च भरा. थोडी पिल्लं जातील, पण मादी सुखरूप राहील.

खाणं सोपं आहे: नेहमीचं खाद्य बोटांनी पीठ होईपर्यंत चुरडून, चिमूटभर, दिवसातून तीन-चारदा. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) अंड्यांतून उबवून देता आला तर वाढ झपाट्याने होते. उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र नकोच, एका रात्रीत पाणी नासतं. दिवसाआड पाव टाकी पाणी बदला, नळीच्या तोंडाला कापड बांधून.

तीन-चार आठवड्यांनी पोटाखालचा मागचा पर काडीसारखा निमुळता होऊ लागला की तो नर. दिसेल तसा बाजूला काढा. आठवडाभर आळस केलात तर बहिणी गाभण राहतात आणि चिकटपट्टीवर पुन्हा तारखा लिहायला बसावं लागतं.