पुण्याहून ठोसेघर, एका दिवसात आणि भांडण न होता

ग्रुपवर सगळ्यात आधी हे टाकून ठेवा की साताऱ्याजवळचा ठोसेघर हा भिजायचा धबधबा नाहीये. तो दरीच्या पलीकडे कोसळतो आणि आपण अलीकडच्या गॅलरीत रेलिंगला धरून बघायचं, बस. आमच्यातले दोघं टॉवेल, बर्मुडा आणि साबण (हो, साबण!) घेऊन आलेले आणि गॅलरीत पोचल्यावर त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली, परत पुण्यात येईपर्यंत "काय पण प्लॅन केला" चालूच होतं. तेव्हा ज्यांना पाण्याखाली नाचायचंय त्यांना आधीच सांगा, नंतर ऐकून घ्यायला लागतं.

कधी जायचं, तर जुलै ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला पाणी तुफान पण धुकंही तेवढंच. सप्टेंबरमधे पाऊस जरा उघडतो तेव्हा पाणीही असतं आणि दिसतंही, मला विचाराल तर तेव्हाच जा. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते, वरच्या पठारावर पडलेला पाऊसच खाली येतो तो, त्यामुळे उन्हाळ्यात जाऊन शिव्या घालू नका. आणि आदल्या रात्री साताऱ्याच्या बातम्या नक्की बघा, फार पाऊस झाला की जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदी घालतात, मग १३५ किलोमीटर जाऊन पोलिसांना नमस्कार करून परत यायचं.

पुण्यातून सकाळी ६ ला निघायचं. ६ म्हणजे ग्रुपला ५ सांगायचं, हे तुम्हाला मी काय शिकवणार. पण भेटायची जागा नीट ठरवा, नवले पुलाच्या उतारावर गाडी बाजूला घेऊन कुणाची वाट बघत थांबू नका, तिथे मागून ब्रेक फेल झालेला कंटेनर कसा येतो ते अख्ख्या पुण्याला माहितीये. त्यापेक्षा खेड शिवापूरचा टोल झाला की पुढे एखाद्या हॉटेलवर भेटा, चहापण होतो. पुढे खंबाटकीत ट्रकच्या मागे रांगायला लागतं, तिथे घाई करून उपयोग नसतो. सुरूर फाट्याला वाई-पाचगणीवाली गर्दी वळते आणि मग सातारा येईपर्यंत रस्ता मोकळा वाटायला लागतो.

साताऱ्यात पेट्रोल भरा, थोडी कॅश काढा, कारण वर रेंज जाते आणि कणीसवाल्या मावशींसमोर "जीपे होत नाहीये" करत चौघं उभे राहतात. शहरातून समर्थ मंदिराकडे यायचं, एक रस्ता यवतेश्वरवरून कासला चढतो, आपण बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याला लागायचं. मॅपवर डोळे झाकून जाऊ नका, बोगदा कुठेय असं कुणालाही विचारा. इथून ठोसेघर साधारण २५ किलोमीटर.

मधे बोरणे घाट लागतो. सुंदर आहे, आणि म्हणूनच लोक वळणावर गाडी लावून कठड्यावर चढतात. २०२४ च्या ऑगस्टमधे पुण्याहूनच आलेली एक मुलगी इथे सेल्फी काढताना दरीत पडली, नशीब मधेच अडकली म्हणून दोर लावून वर काढता आली. फोटो काढा पण कठड्याच्या आतून. पावसात पाच जण गाडीत बसले की आतून काच धुरकट होते, तेव्हा रुमालाने पुसत बसू नका, एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडा, मिनिटात साफ. उतरताना सेकंड गिअर, ब्रेकवर पाय देऊन बसायचं नाही.

वर पार्किंग, तिकीट आणि मग पायऱ्या उतरत जंगलातून जायचं. चप्पल घालून आलेला एक जण प्रत्येक ग्रुपमधे असतो, त्याला मधे ठेवा, शेवाळ आहे. खाण्याची पिशवी हातात लटकवू नका, माकडं बघत असतात. छोटा धबधबा आणि मोठा धबधबा असे दोन आहेत, मोठ्यासाठी गॅलरी.

आता महत्त्वाचं, धुकं. आम्ही पोचलो तेव्हा समोर नुसता पांढरा पडदा, आवाज मात्र असा की छातीत घुमतोय आणि दिसत काहीच नाही. दहा मिनिटांत अर्धी गँग कंटाळून वर भजी खायला गेली. आम्ही तिघं बसून राहिलो, कपडे न भिजता ओले झाले, चष्मा तीनदा पुसला. पाऊण तासाने डावीकडून वारा आला आणि धुकं सरकलं, आधी काळा कडा, मग त्यावरून सुटलेली धार, खाली बघत गेलो तर संपेचना. चारेक मिनिटं असेल, परत पडदा. भजीवाल्यांनी आमचे व्हिडिओ बघितले आणि कुणी काही बोललं नाही. तेव्हा तासभर तरी हातात ठेवा, भजी कुठे पळून जात नाहीत.

साडेअकराला निघालात तर येताना सज्जनगड होतो. मूळचा परळीचा किल्ला, १६७३ ला शिवाजी महाराजांनी घेतला, रामदास स्वामींची समाधी इथेच. दुपारी महाप्रसाद असतो, मांडी घालून बसा, गव्हाची खीर मिळाली तर दुसऱ्यांदा मागायला लाजू नका. पवनचक्क्या बघायच्या असतील तर त्या मात्र ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीला, मग आधी तिकडे जाऊन या आणि प्रसाद विसरा, दोन्ही धड होत नाही.

रविवार असेल तर साताऱ्यातून ३ च्या आत निघा, नाहीतर महाबळेश्वरची सगळी गर्दी आणि तुम्ही एकत्रच खेड शिवापूरच्या टोलला. कंदी पेढे घ्यालच, फक्त बॉक्स डिकीत टाका. मागच्या सीटवर ठेवलेला अर्धा किलो आमच्याकडे शिरवळपर्यंत टिकला.