रॅकेट नंतर, आधी एक्स-रे शोधा

फोन बहुतेक रात्री नऊनंतर येतात, घरातली जेवणं उरकल्यावर. पलीकडे कुणाचा तरी बाप असतो, कधी मामा. "ताई, पोरगं एका पायानं अधू आहे. टीव्हीवर पॅरालिम्पिक बघितलं आणि तेव्हापासून बॅडमिंटनचंच वेड घेतलंय. रॅकेट कुठली घेऊ?" मी म्हणते, "रॅकेट राहू द्या दादा. लहानपणापासूनचे एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज कार्ड, जे सापडेल ते गोळा करा. माळ्यावर बघा, ट्रंकेत बघा." पुढचा माणूस गोंधळतो. खेळाचं विचारलं, आणि ही कागद मागते!

माझ्या उजव्या पायाला पोलिओ आहे. चोविसाव्या वर्षी सांगलीच्या एका हॉलमध्ये पहिल्यांदा रॅकेट धरली, राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत खेळले, आणि आता त्याच हॉलवर संध्याकाळी सहा ते आठ मुलांना शिकवते. कागदांचं महत्त्व मला दोन वर्षं वाया गेल्यावर कळलं. तुमच्या मुलांची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

वर्ग ठरल्याशिवाय काहीच ठरत नाही

पॅरा बॅडमिंटनमध्ये अपंगत्वाप्रमाणे सहा वर्ग असतात. व्हीलचेअरचे दोन. डब्ल्यूएच१ मध्ये कमरेवरच्या धडाचा तोलही कमी असतो, डब्ल्यूएच२ मध्ये धड बऱ्यापैकी साथ देतं. उभं राहून खेळणाऱ्यांत पायाचे दोन वर्ग, एसएल३ आणि एसएल४. तीनमध्ये तोल आणि हालचाल जास्त बिघडलेली, चारमध्ये कमी. हाताचं अपंगत्व असेल तर एसयू५. उंची खुंटलेल्यांसाठी एसएच६. एवढेच. कर्णबधिर मुलांसाठी डेफलिम्पिक्स ही वेगळी स्पर्धा आहे, तिथे बॅडमिंटन आहे, त्यामुळे त्या पालकांनी ती वाट धरावी.

इथे सगळ्यांचा एक गैरसमज होतो. दिव्यांग प्रमाणपत्र आणि खेळातला वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्हा रुग्णालयातून ४० टक्के किंवा त्याहून जास्तचं प्रमाणपत्र मिळालं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आलं, की सवलती आणि सरकारी योजनांचं दार उघडतं. ते काढाच. पण खेळात टक्के कुणी विचारत नाही. तिथे क्लासिफिकेशनचं, म्हणजे वर्ग ठरवणारं, पॅनल बसतं. ते तुमच्या स्नायूंची ताकद हातानं दाबून बघतात, सांधा किती वाकतो ते मोजतात, पायांच्या लांबीतला फरक घेतात, मग कोर्टवर खेळायला लावतात आणि सामन्यातही लक्ष ठेवतात. किमान निकषात तुम्ही बसला नाहीत, तर प्रमाणपत्रावर साठ टक्के असले तरी खेळता येत नाही. असे दोन मुलगे माझ्यासमोर रडत परत गेले आहेत. म्हणून ही शंका पहिल्याच महिन्यात फेडून घ्या, चौथ्या वर्षी नको.

मी पहिल्या क्लासिफिकेशनला रिकाम्या हातानं गेले होते. आई म्हणाली होती, पोलिओ आहे हे कुणालाही दिसतंय, त्याला कागद कशाला? पॅनलनं मला एसएल४ मध्ये टाकलं. त्यांचा दोष नव्हता. माझ्या मांडीचा स्नायू किती गेलाय हे सांगणारा एकही रिपोर्ट मी त्यांच्यापुढे ठेवला नव्हता. दोन वर्षं मी पूर्ण कोर्टवर अशा मुलींशी खेळले, ज्या मागच्या कोपऱ्यापर्यंत धावू शकत होत्या. एकदाही पहिली फेरी पार केली नाही. नंतर मिरजेला तपासण्या करून, रिपोर्ट जोडून फेरतपासणी मागितली, तेव्हा एसएल३ मिळाला. तोवर मी खेळ सोडायच्या बेतात होते.

तेव्हा फाइल अशी लावा. सगळ्यात वर डॉक्टरांचं निदान, इंग्रजीत, सहीशिक्क्यासह. त्याखाली एक्स-रे, मज्जातंतूची तपासणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोंदी तारखेप्रमाणे. प्रत्येकाची झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो. क्लासिफिकेशनच्या दिवशी हाफ पँट घाला, रोजचा कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) किंवा जयपूर फूट बरोबर न्या. आणि जे आहे तेच दाखवा. जास्त लंगडून दाखवण्याचा मोह पालकच मुलांना घालतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मुद्दाम फसवलं हे सिद्ध झालं तर खेळाडूवर बंदी येते, आणि पॅनलवरची माणसं हे रोज बघत असतात.

निकालासोबत एक शेरा मिळतो: कन्फर्म्ड किंवा रिव्ह्यू. कन्फर्म्ड म्हणजे वर्ग पक्का, रिव्ह्यू म्हणजे पुन्हा तपासणी होणार आणि वर्ग बदलू शकतो. वाढत्या वयाच्या मुलांना बहुतेक तोच मिळतो. घाबरू नका, फक्त तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

वर्गावर खेळाडूचं अख्खं नशीब कसं फिरतं ते मानसी जोशीकडे बघा. मुंबईत वाढलेली, इंजिनिअर झालेली मुलगी. डिसेंबर २०११ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात डावा पाय गेला. २०१९ मध्ये बासेलला ती एसएल३ ची जगज्जेती झाली. आणि टोकियो पॅरालिम्पिकमध्ये, जिथे बॅडमिंटन पहिल्यांदाच आलं होतं, तिच्या वर्गात महिला एकेरीच नव्हती! जगात पहिली असून एकेरी खेळायला जागा नाही. ती स्पर्धा पॅरिसला २०२४ मध्ये आली. म्हणून मुलाचा वर्ग कळला की पुढच्या मोठ्या स्पर्धेत त्या वर्गाचे कुठले प्रकार आहेत ते बघा. एकेरी नसेल तर दुहेरीचा जोडीदार आत्तापासून शोधा. एसएल३ ते एसयू५ च्या दुहेरीत दोघांच्या वर्गाचे आकडे मिळून आठच्या वर जाता कामा नयेत: तीन आणि पाच चालतात, चार आणि चार चालतात, चार आणि पाच नाही. हे गणित माहीत नसल्यामुळे मनासारखी जमलेली जोडी मोडलेली मी पाहिली आहे.

अर्ध्या कोर्टला हलकं समजू नका

एसएल३ आणि व्हीलचेअरची एकेरी अर्ध्या कोर्टवर होते, मधल्या रेषेच्या एकाच बाजूला. बाकीच्यांची पूर्ण कोर्टवर. व्हीलचेअरमध्ये नेट आणि शॉर्ट सर्व्हिस लाइन यांच्यामधली पट्टी आउट धरतात. नेटची उंची मात्र सगळ्यांना तीच.

लोक म्हणतात, अर्धं कोर्ट म्हणजे अर्धी मेहनत. पॅरिसचा एसएल३ चा अंतिम सामना आठवा. नितेश कुमार विरुद्ध ब्रिटनचा डॅनियल बेथेल, २१-१४, १८-२१, २३-२१, सुमारे ऐंशी मिनिटं. जागा अरुंद म्हणून शटल सहजासहजी जमिनीवर पडत नाही, रॅली संपतच नाही. पुढे-मागे, पुढे-मागे. ड्रॉप, लिफ्ट, टॉस, पुन्हा ड्रॉप. फसवून एक पाऊल उशीर करायला लावणं, एवढाच गुण असतो तिथे.

म्हणून माझ्याकडे आलेल्या एसएल३ च्या मुलाला पहिले दोन महिने स्मॅश मारू देत नाही. रुसतात, पण नाही. आधी उभं राहणं. अधू पाय मागे ओढला जातो, त्यामुळे कोर्टच्या अगदी मध्यावर न थांबता अर्धं पाऊल मागे थांबायचं. पुढे झेपावता येतं, मागे जाणं अवघड. मग शटलशिवाय शॅडो: चार पावलं पुढे, परत, दोन मागे, परत. दहा मिनिटं करा, बसा, गुडघा बघा, पुन्हा दहा. त्यानंतर मल्टी-शटल, म्हणजे एकामागून एक शटल, मी हातानं टाकते, आधी फक्त नेटजवळ. उंच टॉस मागच्या रेषेपर्यंत दहातले आठ जायला लागले की मग पुढचं.

गुडघा म्हणजे चांगला गुडघा. आपण सगळे अधू पायाची काळजी करतो, आणि निकामी होतो तो धडधाकट पाय, कारण सगळा भार त्याच्यावर पडतो. सिमेंटच्या कोर्टवर रोज खेळवू नका. गावात लाकडी किंवा मॅटचं कोर्ट नसेल तर सिमेंटवर आठवड्यातून तीनच दिवस, उरलेले दिवस मांडीचे आणि पोटाचे व्यायाम.

कृत्रिम पाय असलेल्यांनी सराव संपला की लगेच पाय काढून स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, आरशात बघायचा, लालसर डाग पडलाय का, कातडी सोलली आहे का. आपल्याकडे उन्हाळ्यात लायनरमध्ये, म्हणजे स्टंपवर चढवायच्या आतल्या मऊ आवरणात, घामाचं पाणी साचतं आणि पाय आतून निसटतो. मध्येच थांबून पुसा, दुसरा मोजा बरोबर ठेवा. फोड आला असेल तर त्या दिवशी सुट्टी. एका दिवसाचा हट्ट तीन आठवडे घरी बसवतो.

व्हीलचेअरवाल्यांना घरातली चेअर चालत नाही. खेळाच्या चेअरची चाकं खाली पसरट, तिरकी असतात आणि मागे छोटं चाक असतं, त्यामुळे डोक्यामागचं शटल घेताना पाठीवर कलंडलं तरी चेअर उलटत नाही. फटका मारताना धड सीटला टेकलेलंच पाहिजे, पाय पट्ट्यांनी बांधलेले. ती चेअर मिळेपर्यंत रॅकेट हातात धरून चेअर ढकलायचा सराव करा, शटलशिवाय. बहुतेक जण इथेच कमी पडतात.

एसयू५ आणि एसएच६ च्या मुलांना मी धडधाकट मुलांबरोबरच खेळवते. पूर्ण कोर्ट आहे, पाय आहेत, पळू दे. जयपूरच्या कृष्णा नागरची उडी बघा, टोकियोत एसएच६ चं सुवर्ण त्यानं तसंच मिळवलं.

गोळी घेण्याआधी विचारा

हे फार कमी जण सांगतात. आपल्या मुलांना दुखणं रोजचं असतं, आणि डॉक्टर ट्रॅमाडॉल लिहून देतात. १ जानेवारी २०२४ पासून ट्रॅमाडॉल स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही स्पर्धेच्या काळात चालत नाही. डॉक्टरांकडे गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे: मी स्पर्धा खेळतो. औषध टाळता येत नसेल तर आधी परवानगीचा अर्ज करायचा असतो.

आणखी वर गेलात की रोज कधी कुठे सापडाल ते आधीच कळवून ठेवावं लागतं, म्हणजे चाचणीवाले न सांगता येऊ शकतात. बारा महिन्यांत तीनदा यात चूक झाली तर नियम मोडल्यासारखंच धरतात. प्रमोद भगतला यातूनच अठरा महिन्यांचं निलंबन झालं. टोकियोचा सुवर्णविजेता पॅरिसला जाऊ शकला नाही, आणि त्याच्या नमुन्यात कुठलंही औषध सापडलेलं नव्हतं. मला त्या बातमीनं दोन दिवस झोप लागली नाही. माझ्या मुलांना मी आत्तापासून सवय लावते: सरावाला येणार नसाल तर आदल्या रात्री मेसेज करायचा. सवय असली की पुढे ते ओझं वाटत नाही.

पैसा, नोकरी आणि कागद, पुन्हा

क्रम असा: जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, मग निवड झाली तर परदेश. खेलो इंडिया पॅरा गेम्स २०२३ पासून सुरू झाले आहेत आणि त्यात बॅडमिंटन आहे, तो चांगला टप्पा आहे. परदेशातल्या पहिल्या एक-दोन स्पर्धांना खिशातून पैसे घालावे लागतात हे गृहीत धरा. केंद्राच्या टॉप्स या पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठीच्या योजनेत, तिच्या मुख्य गटात, निवड झाली तर महिना ५०,००० रुपये भत्ता मिळतो, पण तिथवर पोचायला आधी पदकं लागतात. मधली पाच-सहा वर्षं घरानंच ओढायची असतात. शटलचा खर्च सगळ्यात जास्त. नवशिक्याला नायलॉनचं द्या, पिसांचं शटल स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात.

शिक्षण सोडवू नका. हे मी हात जोडून सांगते. सुहास यथिराज आयएएस अधिकारी आहे, जिल्हाधिकारीपद सांभाळून खेळला आणि टोकियो, पॅरिस दोन्हीकडे रौप्य आणलं. नितेश आयआयटी मंडीचा. आमच्या सांगली जिल्ह्यातला सुकांत कदम क्रिकेट खेळताना गुडघा गमावून बसला, तरी इंजिनिअर झाला, पुण्यात प्रशिक्षक निखिल कानेटकरांकडे तयार झाला आणि पॅरिसला चौथा आला. कांस्यपदकाचा तो सामना आम्ही हॉलवर मोबाइल टेबलावर उभा करून बघितला. सुकांत हरला तेव्हा कुणी बोललं नाही. मग एका मुलीनं विचारलं, "ताई, सराव घ्यायचा ना?" त्या दिवशी आम्ही साडेआठपर्यंत खेळलो.

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. तिथे क्रीडा खातं प्रमाणपत्र पडताळतं, आणि बरेच अर्ज तिथेच अडकतात. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता), निकालपत्रक, प्रवेशिकेची पावती, सगळं त्याच फाइलमध्ये, एक्स-रेच्या मागे. दहा वर्षांनी संघटनेतली माणसं बदललेली असतात, जुनी नोंद कुणी शोधून देत नाही.

पहिल्या दिवशी येताना ती फाइल आणा. पांढऱ्या किंवा गम सोलचे बूट, काळा डाग न पडणारे. अधू पायाच्या बुटाचा तळवा उंच करायचा असेल तर चांभाराकडून आधी करून घ्या आणि आठवडाभर घरात घालून चाला. पाण्याची बाटली, टॉवेल, जास्तीचा मोजा. रॅकेट आणू नका. माझ्याकडे चार आहेत, गटिंग केलेल्या. त्यातली कुठली हाताला बसते ते आपण कोर्टवरच बघू.