रिकामे पिंप, कोरडे अर्थिंग, न वाचलेले संमतीपत्र : लघुउद्योजकांनी टाळाव्यात अशा चुका

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतील दहा-पंधरा कामगारांच्या कार्यशाळांत एक व्यवस्था वारंवार दिसते. प्रदूषण मंडळाची फाइल एका सल्लागाराकडे असते, कामगार सुरक्षेची दुसऱ्याकडे, आणि प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या फोरमनला या दोन्ही फायलींत काय लिहिले आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. पुढील बहुतेक चुकांचे मूळ मला या विभागणीत दिसते, कारण जमिनीत मुरणारे आणि पेट घेऊन कामगाराला भाजणारे रसायन एकाच पिंपात असते.

रिकामे पिंप कापणे

थिनर किंवा रंगाचे पिंप उपडे करून निथळले, तरी तळाशी आणि शिवणीत थोडा द्रव राहतोच, आणि त्याची वाफ आत साचते. काठोकाठ भरलेल्या पिंपात वाफेला आणि हवेला जागा नसते. रिकाम्या पिंपात मात्र दोन्हींचे मिश्रण तयार होते. म्हणूनच गॅस कटर किंवा ग्राइंडर लावल्यावर स्फोट होतो तो बहुधा ‘रिकाम्या’ पिंपाचा. उन्हाळ्यात पाणी साठवण्यासाठी किंवा कचराकुंडीसाठी अशी पिंपे कापण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ती ताबडतोब थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिंप पाण्याने धुऊन घेतले की धोका संपला, हा समजही चुकीचा आहे. रंगातील पुष्कळ द्रावके पाण्यात पुरेशी विरघळत नाहीत, त्यामुळे पिंप सुरक्षित होत नाही आणि धुतलेले पाणी गटारात जाऊन दुसरा गुन्हा मात्र घडतो. घातक रसायनांची रिकामी पिंपे २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार स्वतःच घातक कचरा ठरतात. झाकण घट्ट लावून, लेबल चिकटवून ती छपराखाली ठेवावीत आणि मंडळाची परवानगी असलेल्या प्रक्रियाकाराकडेच द्यावीत. बुटीबोरीत घातक कचऱ्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र असल्यामुळे, जवळपास सोय नाही ही सबब नागपूरच्या उद्योजकाला सांगता येत नाही.

जळालेले ऑइल भंगारवाल्याला विकणे

दर लिटरमागे मिळणाऱ्या थोड्या पैशांसाठी वापरलेले ऑइल कोणालाही देणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकारालाच द्यावे लागते, प्रत्येक खेपेसोबत याच नियमांच्या नमुना १० मधील मॅनिफेस्ट (कचरा कोणी, कोणाकडे पाठवला याची चिठ्ठी) लागते, नमुना ३ मध्ये नोंद ठेवावी लागते आणि नमुना ४ मधील वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत सादर करावे लागते. साठवणुकीची मुदत ९० दिवसांची आहे. वर्षाला १० टनांपर्यंत घातक कचरा निर्माण करणाऱ्या लहान उद्योगांना मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते, पण ही वाढ मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही.

साठवणुकीची जागा पक्क्या फरशीची असावी आणि तिच्याभोवती गळालेले ऑइल अडवण्याइतका कठडा असावा. उघड्यावर सांडलेले ऑइल मृगाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर नाल्यात उतरते. शहरातील नाल्यांचे पाणी नाग नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेला मिळते, जिच्यावर गोसीखुर्दचे धरण आहे. ऑइलने माखलेल्या चिंध्या उघड्या खोक्यात न ठेवता झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवाव्यात.

उन्हाळ्यात अर्थिंगकडे दुर्लक्ष

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो; नेमक्या त्याच काळात कार्यशाळेत पत्र्याच्या बॉडीचे कूलर सुरू असतात. ओली फरशी, लोखंडी बॉडी आणि कूलरच्या पंपातील गळती एकत्र आल्या की एक जीव जाण्यास पुरेसे असते. मार्चपासूनच खड्ड्यात नियमित पाणी घालावे, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून रोध मोजून घ्यावा, कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढण्याची शिस्त लावावी आणि हातातील यंत्रे व कूलर यांच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो वगळून लाइन ‘डायरेक्ट’ करणे ही या चुकीची पुढची पायरी आहे. असे होत असल्यास त्या लाइनवरील सर्व प्लग काढावेत, आरसीसीबी चढवावा आणि एकेक यंत्र जोडत जावे. ज्या यंत्रावर तो पडेल, ते दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवावे. सर्व प्लग काढूनही तो पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये किंवा खुद्द आरसीसीबीत आहे आणि ते काम इलेक्ट्रिशियनचेच आहे. त्यावरील टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, मात्र त्या बटणाने अर्थिंगची तपासणी होत नाही, हे लक्षात ठेवावे.

आणखी काही

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाला दाबाचा काटा नसतो, त्यामुळे तो भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा द्यायचे असते. जुलैचे प्रमाणपत्र फार ठिकाणी राहून जाते. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ज्या शहरात आहे, तिथे तरी हे घडू नये असे मनापासून वाटते.

डीजी सेटचा (डिझेल जनरेटरचा) धूर छपराखालीच सोडलेला आढळतो. धुराड्याची उंची इमारतीच्या उंचीपेक्षा, सेटच्या केव्हीएमधील क्षमतेच्या वर्गमुळाच्या ०.२ पट इतक्या मीटरने जास्त असावी, म्हणजे १०० केव्हीएच्या सेटसाठी २ मीटर.

संमतीपत्र, म्हणजे उद्योग चालवण्यासाठी प्रदूषण मंडळाने दिलेली परवानगी, भिंतीवर लावण्यापूर्वी त्याची प्रत फोरमनच्या हाती द्यावी आणि उत्पादनाची मर्यादा, सांडपाणी व कचऱ्याचे प्रमाण त्याच्याकडून प्रत्यक्ष कामाशी ताडून घ्यावे. नवीन स्प्रे बूथ बसवल्यानंतर किंवा उत्पादन वाढवल्यानंतर संमतीपत्रात बदल करण्याचा अर्ज करणे हा उलटा क्रम आहे. मंजुरी आधी लागते. मंडळाला द्यायचे वार्षिक पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत भरावयाचे असते.

मंडळाची नोटीस आलीच, तर सल्लागाराने पाठवलेल्या ठरावीक मजकुरावर सही करू नये. प्रत्येक मुद्द्यापुढे काय झाले आहे, काय बाकी आहे आणि ते कोणत्या तारखेला पूर्ण होईल हे लिहावे, छायाचित्रे व मॅनिफेस्टच्या प्रती जोडाव्यात, आणि जे काम अद्याप झालेले नाही ते झाल्याचे कदापि लिहू नये, कारण पुढच्या तपासणीला येणारा अधिकारी तेच उत्तर हातात घेऊन उभा असतो.