उन्हाळी शिबिरात पोट्ट्यांना सुपरहिरोंचा सिनेमा कसा दाखवावा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. सकाळचं सत्र आटोपलं की संध्याकाळपर्यंत मैदानावर कोणाला उभं करायची सोय नाही. मी मानेवाड्याकडे खो-खो शिकवते. दुपारी पोरं हॉलमध्ये, कुलरच्या तोंडाशी कोण बसणार यावरून भांडत असतात. त्या वेळेत सिनेमा लावायचा, पण वेळ काढायला नाही, संघ बांधायला. तो कसा, ते सांगते.

अख्खा सिनेमा लावू नका. ‘द अॅव्हेंजर्स’ (२०१२) जवळजवळ अडीच तासांचा आहे. अर्ध्या तासात मागची रांग झोपते नाही तर चिमटे काढते. आठ-दहा मिनिटांचे तुकडे आधीच हेरून ठेवा. हिंदी डबिंग घ्या. इंग्रजी लावलं तर पोरं खालच्या ओळी वाचत बसतात आणि पडद्यावर कोण कुठे उभं आहे हेच निसटतं. आपल्याला तर तेवढंच बघायचं आहे.

पहिला तुकडा न्यूयॉर्कच्या लढाईतला. आकाशाला भोक पडलंय, शत्रू येतच आहेत, आणि कॅप्टन अमेरिका कामं वाटतो. धनुष्यवाल्या हॉकआयने छतावर जायचं आणि शत्रू कुठून येतात ते सांगायचं. आयर्न मॅनने कडेला राहायचं, कोणी बाहेर निसटला तर परत आत हाकलायचा. थॉरने वरचं तोंड अडवायचं. ब्लॅक विडो आणि तो स्वतः खाली रस्त्यावर. हल्कला एकच काम: फोड. इथे सिनेमा थांबवा आणि नुसतं विचारा, यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणाचं?

माझ्याकडे दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, “ताई, तो धनुष्यवाला वरते काऊन बसला? लढत काऊन नाही?” उत्तर तुम्ही देऊ नका. पोरांना भांडू द्या. कोणीतरी बोलेलच की वरून त्यालाच सगळं दिसतं. हॉकआयकडे कसलीही दैवी ताकद नाही, हेही तेच शोधून काढतात. मग पुढे विचारा, ते भोक शेवटी बंद कोण करतं? बहुतेक पोट्टे हल्क नाही तर आयर्न मॅन म्हणून ओरडतात. बंद करते ब्लॅक विडो. रिवाइंड करून दाखवा, हॉल एकदम गप्प होतो.

दुसरा तुकडा हरण्याचा, आणि माझ्या मते जिंकण्याच्या सगळ्या सीनपेक्षा मोलाचा. ‘इन्फिनिटी वॉर’ (२०१८), टायटन ग्रहावरचा. थॅनोस हा खलनायक जवळजवळ काबूत आलाय. मँटिसने त्याला गुंगीत ठेवलंय, स्पायडर-मॅन आणि आयर्न मॅन त्याच्या हातातून गॉन्टलेट, म्हणजे त्याचा ताकदीचा हातमोजा, ओढताहेत, ते सुटायलाच आलंय. तेवढ्यात आपली प्रेयसी गमोरा मेली हे त्यांच्यातल्याच स्टार-लॉर्डला कळतं, तो थॅनोसच्या तोंडावर ठोसे मारतो, आणि थॅनोस जागा होतो. पोरं स्टार-लॉर्डला शिव्या घालतील. घालू द्या. मग विचारा, त्याच्या जागी तू असता तर? हा प्रश्न सगळ्यात गरम डोक्याच्या पोराला विचारा, शहाण्याला नको. चर्चा दहा मिनिटांच्या वर ताणू नका, नाहीतर तिचं प्रवचन होतं.

तिसरा तुकडा ‘एंडगेम’ (२०१९) मधला, खास आपल्या खेळासाठी. गॉन्टलेट हॉकआयकडून ब्लॅक पँथरकडे, त्याच्याकडून स्पायडर-मॅनकडे, पुढे कॅप्टन मार्व्हलकडे जातं. ज्याचा रस्ता बंद झाला तो वस्तू कवटाळून बसत नाही, पुढच्याला देतो. खो-खो खेळणाऱ्या पोराला यापुढे समजावून सांगावं लागत नाही.

आठ वर्षांखालच्यांना यातलं काही नको. त्यांना ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मधला रेल्वेचा सीन दाखवा: गाडी थांबवून तो बेशुद्ध पडतो, आणि साधे प्रवासी त्याला हातांवर झेलून आत घेतात. पुरे. ‘सिव्हिल वॉर’, ज्यात हेच सुपरहिरो आपसात भिडतात, तो मात्र शिबिरात लावूच नये. पोरं दोन पार्ट्या पाडतात आणि ते वैर थेट मैदानावर येतं.

ऊन उतरलं की लगेच मैदान. आठ जण पाटीवर बसवा आणि तुमच्या सगळ्यात वेगवान पोराला पाठलागाला उभं करा. अट एकच, खो द्यायचा नाही. एकदा धरलेली दिशा त्याला खांबापर्यंत बदलता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, आणि पळणारा मात्र मधून खुशाल जातो. बिचारा घामाघूम होतो, कोणी हाती लागत नाही. मग खो सुरू करा. आता पळणाऱ्याची तारांबळ बघा.

हे करताना वहीत दोन रकाने आखा. एकात बाद करणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात त्याला शेवटचा खो देणाऱ्याचं. दोघांनाही सारखाच गुण द्या आणि शनिवारी वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. पहिल्या आठवड्यात वेगवान पोरं कुरकुर करतील, त्यांचे बाबाही येऊन विचारतील की आमच्या पोराने एवढे गडी बाद केले, मग दुसऱ्याला बरोबरीचे गुण कसे? त्यांना तिथेच बसवा आणि न्यूयॉर्कवाला तुकडा लावा.