गोव्याच्या दमट, उजळलेल्या आकाशात कृत्तिकांचे छायाचित्र

गोव्याच्या किनारपट्टीवर रात्रीचे आकाश क्वचितच काळेभोर असते. पणजी, म्हापसा, मडगावचे दिवे आणि समुद्रावरून येणारी दमट हवा यांमुळे क्षितिजापासून बऱ्याच उंचीपर्यंत करडा उजेड पसरतो, आणि अशा आकाशात दीर्घिका किंवा अंधुक तेजोमेघ टिपायला गेल्यास बहुधा निराशाच पदरी पडते. खुल्या तारकागुच्छाचे, म्हणजे कृत्तिकांसारख्या विरळ तारकासमूहाचे, तसे नाही. ताऱ्याचा प्रकाश सेन्सरवर एका बिंदूत एकवटतो, त्यामुळे पार्श्वभूमी उजळलेली असली तरी तारा तिच्यातून उठून दिसतो. म्हणून सदोष आकाशाखाली सुरुवात कृत्तिकांपासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

कृत्तिकांच्या बाबतीत गोव्याचे स्थानही अनुकूल आहे. गोव्याचा अक्षांश सुमारे १५.५ अंश उत्तर आणि कृत्तिकांची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) सुमारे २४ अंश उत्तर असल्यामुळे याम्योत्तर वृत्त (आकाशातील उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना हा गुच्छ जवळजवळ डोक्यावर येतो. क्षितिजापासून ३० अंशांवर असलेल्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या दुप्पट हवेतून येतो, हे लक्षात घेतले की वाट पाहण्याचे महत्त्व कळते. डिसेंबरच्या मध्यास गुच्छ डोक्यावर येण्याची ही वेळ रात्री पावणेअकराच्या सुमारास येते, तर जानेवारीच्या मध्यास पावणेनऊच्या. साखळीच्या विठ्ठलापुरात ज्या रात्री वाळवंटी नदीत होड्या सोडतात, त्या त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपासच असतो. तेव्हा ती रात्र सोडून अमावास्येच्या मागचेपुढचे दिवस धरावेत. शक्य असल्यास सत्तरी किंवा सांगे तालुक्यात जावे.

दमटपणा हा येथील खरा शत्रू आहे. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढल्यास काचेवर लगेच वाफ धरते, म्हणून तो बंद पिशवीतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. लेन्सला हूड लावावे आणि पॉवर बँकेवर चालणारी उष्णतापट्टी गुंडाळावी. दव साचल्यावर काच कापडाने पुसू नये, कारण त्यावर पुसट थर राहतो आणि ताऱ्यांभोवती प्रभामंडळे उमटतात.

ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारे मागोवा यंत्र नसेल तर १३५ मिमी लेन्स, क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा आणि भक्कम ट्रायपॉड पुरेसे आहेत. या लेन्सवर एका छायाचित्राला दोन सेकंद द्यावेत. त्याहून जास्त दिल्यास तारे लांबट होऊ लागतात. छिद्र एफ/२.८, आयएसओ १६०० आणि फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवावी. फोकससाठी लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरील थेट दृश्यात) कृत्तिकांजवळचा ठळक तारा रोहिणी दहापट मोठी करून तिचा ठिपका सर्वांत लहान होईपर्यंत लेन्सचे फोकस कडे अगदी हळू फिरवावे आणि मग कड्यावर चिकटपट्टी लावावी, कारण कॅमेरा वर रोखल्यावर ते स्वतःच्या वजनाने सरकू शकते. आकाश सरकत असल्यामुळे दर आठ-दहा मिनिटांनी गुच्छ पुन्हा चौकटीच्या मध्यावर आणावा.

एकेका छायाचित्राला जास्त वेळ (लांब एक्स्पोजर) दिल्यास आकाशातला उजेडही तितकाच साठतो, तेव्हा छायाचित्रांच्या संख्येवर भर द्यावा. यादृच्छिक गोंगाट (चित्रातला दाणेदारपणा) छायाचित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ४०० छायाचित्रे एकत्र केल्यास एकाच्या तुलनेत संकेत २० पट स्वच्छ होतो. लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगची काही डार्क (सेन्सरचे दोष वजा करण्यासाठीची काळी) छायाचित्रे घ्यावीत. फ्लॅट (सारख्या उजळ पृष्ठभागाची) छायाचित्रे तर अजिबात टाळू नयेत, कारण उजळ पार्श्वभूमीवर लेन्सच्या कडेची काळपट छटा फार ठळकपणे दिसते. दिव्यांचा प्रकाश कापणारे फिल्टर एलईडीच्या विस्तृत वर्णपटासमोर फारसे चालत नाहीत; माझ्या मते त्यांच्यावर पैसे खर्च करू नयेत. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या मोफत प्रणालींत छायाचित्रे जुळवून सिरिलमध्ये पार्श्वभूमीचा उतार (एका बाजूकडून दुसरीकडे बदलत जाणारा उजेड) काढावा आणि मगच चित्र उजळवावे.

चित्र उजळवताना कृत्तिकांमधील मेरोपी या ताऱ्याभोवती निळसर धूसरपणा दिसू लागला, तर तो खरा परावर्तन तेजोमेघ (ताऱ्याच्या प्रकाशाने उजळलेला धुळीचा ढग) आहे की दमट हवेचे वलय, हे तपासावे. त्यासाठी त्याच रात्री त्याच सेटिंगने रोहिणीचीही काही छायाचित्रे घेऊन ठेवावीत. रोहिणीभोवती सगळीकडे सारखे गोल वलय दिसले आणि कृत्तिकांच्या प्रत्येक ठळक ताऱ्याभोवतीही तसेच असले, तर तो हवेचा परिणाम आहे. खरा तेजोमेघ विषम, पट्टेदार आणि मेरोपीच्या बाजूला अधिक दाट असतो.