मेपल ब्राऊन एल (घरी करायची तपकिरी बिअर), १० लिटर: गॅस पेटवण्याआधी

बर्फाच्या बाटल्या गोठवल्यात का? एकेक लिटरच्या, निदान आठ, दोन दिवस आधीपासून फ्रीझरमध्ये, वर बोटभर जागा सोडून. नसतील तर आज काही उकळू नका. मागच्या खेपेला बाकी सगळं होतं, हेच नव्हतं. १० लिटर नेलपॉलिश रिमूव्हर, म्हणजे तशा वासाची बिअर, मोरीत गेलं.

एलच्या यीस्टला १८ ते २० अंश हवेत आणि आपल्या खोलीत ३०. त्यात आंबताना यीस्ट स्वतःची उष्णता सोडतं. पहिल्या तीन दिवसांत चव बिघडली की नंतर गार करून काही उपयोग नाही. ओलं फडकं नि पंखा नागपुरात चालेल. इथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग गारवा कुठून येणार? मासळीवाल्याकडून थर्माकोलची मोठी पेटी आणा, आंबवायचा डबा एअरलॉकसकट (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) आत मावतो का ते आधी बघा, भोवती तीन बाटल्या. सकाळ-संध्याकाळ बदलायच्या.

परवान्याचं ज्याचं त्याने बघावं. १९४९ चा दारूबंदी कायदा घरच्या बिअरलाही लागू आहे.

सामान: कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची पूड) १.३ किलो (पावसाळ्यात पाकीट आयत्या वेळीच फोडा, तासाभरात दगड होतो), क्रिस्टल माल्ट १२५ ग्रॅम, चॉकलेट माल्ट (गडद भाजलेलं, चॉकलेट नव्हे) ७५, फगल हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) २५ ग्रॅम, यीस्टचं एक पाकीट. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायला), एअरलॉक, भांडी निर्जंतुक करायचं सॅनिटायझर आलंच.

मेपल सिरप खरं हवं, २५० मिली. बाटलीवर 'मेपल फ्लेवर्ड' लिहिलं असेल तर ती साखरेचा पाक आहे, वर प्रिझर्व्हेटिव्ह. पण खरं सिरपही उकळीत ओतलं तर पैसे वाया: त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, वास वायूबरोबर उडून जातो. ते चौथ्या-पाचव्या दिवशी, फेस बसल्यावर घाला. तरी वास कमी पडतोच, म्हणून डब्यातली मेथी काढून ठेवा. मेपलचा वास ज्या सोटोलोनमुळे येतो, तेच मेथीत असतं. अर्धा चमचा, जरा भाजून भरडलेली, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. चमचाभर घातलीत तर बिअरला लोणच्याचा वास येईल.

आदल्या रात्री ४ लिटर पाणी झाकण न लावता १५ मिनिटं उकळा, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जाईल. नाहीतर बिअरला औषधाचा वास. गार झालं की झाकून फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० अंशांचं, नुसतं सिंकमध्ये भांडं ठेवून वॉर्ट (उकळलेला, अजून न आंबलेला माल्टचा रस) २० वर येणार नाही. वेगळ्या ७ लिटर पाण्यात (लिटरभर उकळताना उडतं) धान्य, म्हणजे क्रिस्टल नि चॉकलेट माल्ट, कापडात बांधून ६५ ते ६८ अंशांवर अर्धा तास, मग काढा. ७७ च्या वर गेलं की तुरट. एक्स्ट्रॅक्ट घालताना गॅस बंद, नाहीतर तळाला करपतं. हॉप्स घालून एक तास उकळा, उतू जातं, हलू नका. बर्फात ३५ पर्यंत उतरवा, फ्रीजचं पाणी ओता, २२ च्या आसपास येईल. यीस्ट टाका, डबा पेटीत. बर्फाच्या बाटल्या? आत्ताच, उद्या नाही.

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटरचं रीडिंग. सलग तीन दिवस तेच आलं तरच भरा, नाहीतर बाटल्या फुटतात. साखर ६० ग्रॅम, पाण्यात उकळून, भरायच्या आधी बिअरमध्ये. जाड काचेच्या किंवा सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या. दोन आठवडे अंधारात, मग फ्रीज. बर्फ वितळलेल्या बाटल्या परत फ्रीझरमध्ये टाका.